दाराकडे कान लागलेलं घर

रात्रीचे साडेदहा. जिन्यावर पावलं वाजतात, मग कुलुपाशी किल्लीची खुडबुड. घरातली सगळी माणसं आपापल्या कामात आहेत असं वरवर दिसतं. पण त्या क्षणी कुणाचंही डोकं पुस्तकात नसतं, टीव्हीत नसतं. किल्ली एका दमात आत गेली, की दोनतीनदा बाजूला घासली? बूट काढून ठेवले, की भिरकावले? 'जेवणार ना?' या प्रश्नाच्या उत्तरातला पहिला शब्द मोकळा आहे की जड? दहा सेकंदांत घराला कळतं, आजची रात्र कशी जाणार. आठ वर्षांच्या मुलालाही कळतं, आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

व्यसनाचा विषय निघाला की बोलणं पिणाऱ्याभोवती फिरतं. किती घेतो, का घेतो, कधी सोडणार. मला लिहायचंय ते दाराकडे कान लावून बसलेल्या बाकीच्या माणसांबद्दल. व्यसन घरातून सगळ्यात आधी काय नेतं, असं विचारलं तर कुणी पैसा म्हणेल, कुणी अब्रू. मी म्हणेन, लक्ष. घरातल्या प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या आयुष्यावरून उठतं आणि एका माणसाच्या मूडवर जाऊन बसतं. बाकीची पडझड त्यामागून येते.

सोयीसाठी मी 'तो' आणि 'दारू' असं लिहीत जाईन. पण व्यसन बाईलाही लागतं, आणि तेव्हा घरच्यांना ते जगापासून जास्तच लपवावं लागतं. दारूच्या जागी गांजा असेल, हेरॉइन असेल, झोपेच्या गोळ्या असतील, जुगार असेल. जुगाराला तर वासही नसतो आणि झोकांड्याही नसतात. कित्येक घरांना तो कळतो तो थेट कर्जवसुलीच्या पत्रातून, तेव्हा वर्षं उलटून गेलेली असतात.

'माझ्यावर प्रेम असतं तर सोडली असती'

हे वाक्य व्यसनी माणसाच्या जोडीदाराने मनात हजारदा तरी म्हटलेलं असतं. ते चुकीचं आहे, पण का चुकीचं आहे हे नीट समजलं नाही तर त्याचा डंख जात नाही. म्हणून थोडं मेंदूत डोकवावं लागेल.

डोपामाइन हे नाव आता सगळ्यांच्या कानावरून गेलंय. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते जरा फसवं आहे. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक गोड रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी चेतायच्या. मग रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात झाली. काही दिवसांनी पेशी रस मिळताना गप्प राहू लागल्या आणि खूण दिसताक्षणीच चेतू लागल्या. खूण दिसली आणि रस आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. म्हणजे डोपामाइनचं काम बरंचसं असं की, 'हे मोलाचं आहे, याची चाहूल ओळखून ठेव, आणि मिळव.'

दारू किंवा हेरॉइन ही यंत्रणा अन्न, संग, कौतुक यांच्यापेक्षा कितीतरी जोरात दाबतात. होता होता संध्याकाळची वेळ, ठरावीक मित्राचा फोन, ग्लासाचा आवाज, इतकंच काय, घरातलं भांडण, हे सगळं खूण बनतं. खूण दिसली की ओढ उसळते. गंमत वाटणं कधीच कमी झालेलं असतं, कित्येकांना तर पिण्यात आता काही मजा येत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण ओढ वाढतच राहते. त्याच वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग, जो 'थांब, उद्याचा विचार कर' म्हणतो, त्याची पकड सैल झालेली असते.

आता सकाळचा प्रसंग घ्या. रात्रीचा तमाशा झालाय, घर सुन्न आहे, आणि तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतोय. तो माणूस त्या क्षणी बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. सकाळी समोर एकही खूण नसते. संध्याकाळी सहा वाजता मात्र शपथ घेणारा मेंदू आणि ओढ लागलेला मेंदू यांची गाठच पडत नाही. त्यात प्रेमाची परीक्षा नसते. प्रेम तराजूच्या एका पारड्यात आणि दारू दुसऱ्यात, असं ते वजन होतच नाही.

यावरून 'मग त्याचा काय दोष' असं कुणी म्हणेल. आजार असणं हा दोष नाही. दारूचं व्यसन लागण्याच्या शक्यतेत सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, हे जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण आजार आहे हे कळल्यावर उपचार घेण्याची जबाबदारी त्याचीच, आणि त्या आजारात तो घरच्यांशी जे वागला त्याचा हिशोबही त्याचाच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जोडीदाराला या दोन्ही एकत्र धरून जगावं लागतं, आणि ते फार दमवणारं असतं.

तो एक रविवार

बाहेरचे लोक सहज विचारतात, 'इतकं होतं तर राहिलीस कशाला?' याचं एक उत्तर मला बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांत सापडतं. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, आणि एक दिवस दाणा बंद झाला, तर पक्षी लवकर नाद सोडतो. दाणा कधी मिळतो, कधी नाही, कधी मिळेल याचा नेम नाही, असं असेल तर दाणा बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी वेळ कळ दाबत राहतो.

व्यसनी माणूस चोवीस तास वाईट नसतो. मधेच एखादा रविवार येतो. तो लवकर उठतो, दाढी करतो, मुलांना घेऊन बाहेर जातो, संध्याकाळी जुन्या गोष्टी निघतात, हसणं होतं. जोडीदाराला वाटतं, हाच तो खरा, आला परत. आणि तो खरा असतोही. त्या एका रविवारावर माणूस पुढचे तीन महिने काढतो. हा मूर्खपणा नाही. नेम नसलेल्या सुखावर कुठलाही मेंदू असाच अडकतो. पिणाऱ्याचा मेंदू बाटलीच्या खुणांवर लागलेला, आणि जोडीदाराचा त्याच्या खुणांवर. मला हे साम्य फार वेळा दिसतं, आणि जोडीदारांना ते सांगितलं की त्यांना आधी राग येतो, मग हायसं वाटतं.

याच्या जोडीला खोटेपणा. व्यसन टिकायचं तर लपवावंच लागतं, आणि लपवायचं तर समोरच्याच्या डोळ्यांवर संशय टाकावा लागतो. 'मी घेतलेली नाही. तुलाच संशयाचा रोग जडलाय.' हे वर्षभर ऐकलं की माणूस खरंच स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवेनासा होतो. मग पुरावे गोळा करणं सुरू होतं. खिसे तपासायचे. मिठी मारायच्या निमित्ताने श्वास हुंगायचा. बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पातळी रेघेला बरोब्बर लागलेली असते आणि दारूचा रंग फिका झालेला असतो, कारण रेघ त्यालाही दिसली आहे आणि त्याने पाणी भरलंय. दोघं शिकलेली, कमावती, एकेकाळी एकमेकांवर जीव टाकणारी माणसं, आणि संसार एका रेघेवर चाललाय.

या पाळतीत नातं बदलतं. जोडीदार म्हणून आलेली व्यक्ती पहारेकरी होते, कधी पालक होते. पैशाचे व्यवहार तिच्याकडे, घरचे निर्णय तिच्याकडे, तो कुठे आहे याची खबर ठेवणं तिच्याकडे. ज्याला रात्री उचलून बिछान्यावर टाकलं, ज्याच्या उलट्या पुसल्या, त्याच्याविषयी शरीराची ओढ वाटणं कठीण असतं. त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. पलंगाच्या दोन कडांना दोघं पाठ करून झोपलेली असतात आणि 'आमच्यात काही उरलं नाही' हे वाक्य मनातही पूर्ण केलं जात नाही.

शरीरही हिशोब मांडतं. झोप उडणं, डोकं दुखणं, पित्त, छातीत धडधड, सतत खांदे आखडलेले. चिंता आणि नैराश्य व्यसनी माणसांच्या घरच्यांत जास्त आढळतं. डॉक्टरकडे ही माणसं जातात ती डोकेदुखी घेऊन, आणि घरी काय चाललंय हे त्यांना कुणी विचारलं नाही तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत येतात.

आणि एकटेपण. पाहुण्यांना बोलावणं थांबतं, कारण तो कुठल्या अवस्थेत येईल याचा भरवसा नसतो. दुसऱ्यांकडे जाणंही थांबतं. मैत्रिणीला पहिल्या वेळी सांगता येतं, दुसऱ्या वेळीही. दहाव्या वेळी तीच गोष्ट सांगायची लाज वाटते.

दोष कुणाच्या माथी

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याची सावली अजून आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसोपचाराच्या जगात एक मत जोरात होतं की, दारुड्याची बायको मुळातच बिघडलेल्या मनाची असते, तिला असाच दुबळा नवरा हवा असतो, आणि तो सुधारला तर तीच कोसळते. १९५४ साली जोन जॅक्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा घरांतल्या बायकांचं नीट ऐकून घेतलं आणि वेगळंच चित्र मांडलं. कुटुंब एका लांबलेल्या संकटाला टप्प्याटप्प्याने तोंड देतं. आधी 'काही नाही, सगळेच घेतात' असं म्हणत झाकणं, मग लोकांपासून तुटणं, मग नियंत्रणाची धडपड आणि हताशा, मग त्याला वगळून घराची घडी बसवणं, कधी वेगळं होणं, आणि तो सुधारला तर पुन्हा सगळी मांडामांड. बायकांचं विचित्र वाटणारं वागणं संकटातून आलेलं होतं.

पुढे 'को-डिपेन्डन्सी' हा शब्द आला आणि पुस्तकांतून, व्हिडिओंतून घरोघर पोचला. जोडीदारालाही व्यसनी माणसाचं व्यसन लागतं, असा त्याचा ढोबळ अर्थ. काही जणांना या शब्दाने स्वतःकडे बघायला मदत झाली, हे मी नाकारत नाही. पण मला तो शब्द खुपतो. घराला आग लागलेली असताना धावपळ करणाऱ्याला धावपळीचा आजार आहे असं म्हणण्यासारखं ते होतं. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी, नैर्ऋत्य इंग्लंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणी व्यसनी माणसांच्या घरच्यांशी बोलून अभ्यास केला. कष्टांचं वर्णन सगळीकडे आश्चर्य वाटावं इतकं सारखं होतं. आणि माणसं तीनच वाटांनी जात होती: सोसणं, भिडणं, किंवा अंग काढून घेणं. एकच माणूस एका आठवड्यात तिन्ही करून पाहतो. ही सामान्य माणसं असतात, असामान्य ताणाखाली.

यातली सोसण्याची वाट सगळ्यात गुंत्याची. सोमवारी सकाळी तो उठू शकत नाही. ती बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन, त्याच्या ऑफिसात फोन करते. आवाज शांत ठेवते. 'ताप आहे, हो, व्हायरल असेल, उद्या येतील.' फोन ठेवताना हात थरथरतो. हा फोन केला नाही तर नोकरी जाईल आणि मुलांची फी थांबेल. केला तर त्याला काल रात्रीची किंमत मोजावी लागणार नाही, आणि तिच्या तोंडी आणखी एक खोटं बसेल. लोक शिकवतात, 'तूच त्याला पाठीशी घालतेस.' ज्याला फी भरायची नाही त्याला हे म्हणणं सोपं आहे.

तरीही एक फरक ओळखता यावा असं मला वाटतं. मुलांसाठी, स्वतःसाठी, घर चालावं म्हणून केलेली गोष्ट वेगळी. त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचूच नयेत म्हणून केलेली गोष्ट वेगळी. फी भरणं पहिल्यातलं. त्याने रागात फोडलेली काच तो उठायच्या आत गोळा करून टाकणं दुसऱ्यातलं. ती काच सकाळी तशीच त्याच्या समोर असू दे, मुलांचे पाय सांभाळून. सगळंच एका दिवसात सोडता येत नाही. एकेक फोन, एकेक काच असं कमी करता येतं.

मुलं

मुलांबद्दल मोठ्यांचा लाडका समज म्हणजे 'त्यांना काही कळत नाही.' त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द माहीत नसतात. आणि शब्द नसले की मूल स्वतःच गोष्ट रचतं, त्या गोष्टीत बहुधा दोष त्याचा स्वतःचा असतो: मी गणितात नापास झालो म्हणून बाबा पितात. एखादं मूल घरातला शहाणा होतं, धाकट्याला भरवतं, आईला सल्ला देतं, आणि सगळे म्हणतात किती समजूतदार. दहा वर्षांचं मूल चाळिशीचं वागत असेल तर ते कौतुकाचं नाही, त्याचं बालपण कुठेतरी खर्च होतंय. दुसरं एखादं शाळेत मारामाऱ्या करतं. तिसरं गप्प बसून इतकं अदृश्य होतं की त्याची आठवणच राहत नाही, आणि मला काळजी या तिसऱ्याची जास्त वाटते.

१९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणातल्या कटू अनुभवांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या एकूण पाहणीत सतरा हजारांहून जास्त प्रौढांना विचारण्यात आलं. लहानपणी घरात दारूच्या किंवा ड्रग्जच्या आहारी गेलेलं कुणीतरी होतं, असं साधारण चारांतल्या एकाने सांगितलं. असे कटू अनुभव एकावर एक साठत गेले की मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचा धोकाही चढत जातो, असं त्यात दिसलं.

याची दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातलं व्यसन, आजारपण अशा अनेक अडचणींत एकदम सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठी होऊन सक्षम, मायाळू, पायावर उभी असलेली माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एक स्थिर, भरवशाचं मोठं माणूस. आई, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही.

म्हणून मुलाशी बोला. लांब भाषण नको. 'बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तुला तो बरा करायचा नाही. भीती वाटली तर मला सांग. मी नसेन तेव्हा मावशीला फोन कर.' इतकं पुरतं. आणि घरात एकतरी गोष्ट अशी ठेवा जी तो पिऊन आला तरी बदलत नाही. जेवायची वेळ, झोपतानाची गोष्ट, काहीही. मूल त्या खुंटीला धरून असतं.

आईवडिलांचंही एक वेगळं दुःख असतं, जेव्हा व्यसन मुलाला लागतं. जोडीदाराला निदान मनात तरी दार उघडून निघून जायची शक्यता दिसते. आईला ती दिसत नाही. आणि त्या गडबडीत धडधाकट भावंड मागे पडतं, त्याचा वाढदिवसही विसरला जातो.

जिथे थांबून आधी जीव सांभाळायचा

मारहाण होत असेल तर व्यसनावरचे सगळे सल्ले बाजूला ठेवा. दारूने हिंसेचा धोका वाढतो, पण दारू हे तिचं समर्थन नव्हे, आणि दारू सुटली की हात उगारणं आपोआप सुटतंच असं नाही. अशा घरात आधी सुरक्षितपणे कुठे जायचं, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुठे ठेवायचे, कुणाला सांगून ठेवायचं, हे ठरवायचं. तो प्यायलेला असताना वाद घालायचा नाही.

घरचे लोक प्रेमापोटी ज्या चुका करतात त्यातल्या काही जिवावर बेततात. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडणं ही त्यातली एक. हातपाय थरथरण्यापासून सुरुवात होते, पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम, भास, ताप, अशी अवस्था येऊ शकते जी वेळेत उपचार न झाल्यास मारक ठरते. झोपेच्या गोळ्यांची सवय एकदम तोडणंही असंच धोक्याचं. दारू तोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

दुसरी चूक म्हणजे न सांगता जेवणातून औषध देणं. डायसल्फिराम हे औषध १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं: चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं. ज्याला हे माहीत आहे तो दारूपासून लांब राहतो, औषधाचा उपयोग तोच. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पितो आणि मरूही शकतो. शिवाय एक दिवस त्याला कळतं, आणि घरच्या जेवणावरचा विश्वासही जातो.

हेरॉइनसारख्या पदार्थांबाबत आणखी एक. काही आठवडे काहीही न घेता राहिलेल्याचं शरीर जुना डोस पेलू शकत नाही. उपचारानंतर घसरण झाली आणि त्याने पूर्वीइतकंच घेतलं, तर तो डोस शेवटचा ठरू शकतो. घरच्यांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं.

घरचे काही करू शकतात का

'त्याला स्वतःला वाटल्याशिवाय काही होत नाही', 'तळ गाठल्याशिवाय माणूस सुधारत नाही', ही वाक्यं इतक्या खात्रीने सांगितली जातात की घरचे हातपाय गाळून बसतात. पण त्याला तसं वाटावं यासाठी घरातून काहीतरी करता येतं. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी 'क्राफ्ट' नावाची पद्धत उभी केली. तिच्यात शिक्षण पिणाऱ्याचं नाही, घरच्यांचं होतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० कुटुंबीयांना तीन गटांत विभागलं. क्राफ्ट शिकलेल्यांच्या गटात ६४ टक्के पिणारे उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनावण्याची पद्धत ज्यांना शिकवली त्या गटात ३० टक्के, आणि अल्-अॅनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या आधारगटांच्या वाटेने जाणाऱ्या गटात १३ टक्के. अल्-अॅनॉनचा हेतूच वेगळा आहे, तो घरच्यांना सावरण्याचा, त्यामुळे शेवटचा आकडा त्यांच्यावर टीका म्हणून वाचू नये.

क्राफ्टमध्ये शिकवतात ते ऐकायला साधं आहे आणि करायला अवघड. तो न प्यायलेला असतो त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, गप्पा मारा, त्याच्या आवडीचं काही करा, आणि का ते सांगा: 'आज तू असा आहेस म्हणून मला तुझ्याजवळ बसावंसं वाटतंय.' तो पिऊन आला की भांडण नाही, सेवाही नाही. 'उद्या बोलू', आणि दुसऱ्या खोलीत. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं. प्यायला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा, आणि शुद्धीत असला की सगळे थकून गप्प किंवा जुना हिशोब काढणारे. उपचारांचा विषय काढायचा तो त्याला स्वतःलाच शरम किंवा भीती वाटत असेल त्या घडीला, आणि कुठे जायचं, कुणाला भेटायचं हे आधीच विचारून ठेवलेलं असावं. ती घडी एखाद्या दिवसाचीच असते.

सुटल्यानंतर

ज्यांना वाटतं दारू सुटली की सुख आलं, त्यांनी लोइस विल्सन यांची गोष्ट ऐकावी. त्यांचे पती बिल विल्सन यांनी १९३४च्या डिसेंबरात दारू सोडली आणि १९३५ साली डॉ. बॉब स्मिथ यांच्याबरोबर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटांची सुरुवात केली. लोइस यांनी कित्येक वर्षं त्यांना सावरलं होतं, नोकरी करून घर चालवलं होतं. आता ते शुद्धीत होते, आनंदात होते, आणि रोज मीटिंगला पळत होते. एके दिवशी त्यांनी सहज विचारलं, तयार झालीस का, निघूया. लोइस यांनी हातातला बूट त्यांच्या दिशेने भिरकावला.

स्वतःच्याच रागाने त्या चक्रावल्या. हवं होतं ते मिळालं होतं, मग हे काय? जे इतकी वर्षं जीव तोडून केलं आणि जमलं नाही, ते बाहेरच्या चार लोकांनी करून दाखवलं होतं. ज्या माणसाभोवती दिवस रचला होता त्याला आता त्यांची तशी गरज उरली नव्हती. मीटिंगबाहेर ताटकळणाऱ्या इतर बायकांशी बोलताना लक्षात आलं की त्याही याच अवस्थेत आहेत. त्यातून पुढे १९५१ साली लोइस आणि ॲन बी. यांनी अल्-अॅनॉन कुटुंबगट सुरू केले, आणि १९५७ साली किशोरवयीन मुलांचे अलाटीन. तिथे नव्याने आलेल्याला सांगतात: हे तू घडवलेलं नाहीस, तुझ्या ताब्यात ते नाही, आणि ते बरं करणं तुझ्या हातात नाही. पहिल्यांदा ऐकताना हे निराश करणारं वाटतं. पण वर्षानुवर्षं 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणत आलेल्या माणसाच्या डोळ्यांत हे ऐकून पाणी येतं.

सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात भांडणं वाढू शकतात. त्याला वाटतं, मी इतकं मोठं काम करतोय आणि हिला किंमत नाही. तिला वाटतं, मी इतकी वर्षं गिळलेलं आता तरी बोलू दे. त्याला पैशांचा व्यवहार परत हवा असतो, तिला द्यायची हिंमत होत नाही. तो उशिरा आला की किल्लीच्या आवाजाने तिचा श्वास अजूनही अडकतो. आणि घसरणीची भीती खोटी नसते. उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक कधीतरी पुन्हा घेतात, असं सांगितलं जातं. उच्च रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाण्यात ढिले पडून पुन्हा आजारी पडतात, त्याच्या आसपासच हे प्रमाण आहे. घसरण झाली म्हणजे आधीचे आठ महिने वाया गेले असं नाही. उपचार बदलायची ती खूण आहे.

जोडप्यांसाठीच्या उपचारांत एक छोटी रीत असते, ती मला फार आवडते. रोज ठरलेल्या वेळी दोघं मिनिटभर समोरासमोर बसतात. तो म्हणतो, 'गेले चोवीस तास मी घेतली नाही, आजचा दिवसही घ्यायची नाही असं ठरवलंय, तुझी साथ आहे त्याबद्दल आभार.' ती म्हणते, 'तू घेतली नाहीस त्याबद्दल आभार.' ठरलेलं असल्यास ती त्याला औषध घेताना बघते. संपलं. उरलेला दिवसभर तिने विचारायचं नाही, हुंगायचं नाही, आणि जुनं उगाळायचं ते समुपदेशकासमोर. हे नाटकी वाटतं, आणि सुरुवातीला दोघांनाही लाज वाटते. पण पहारा चोवीस तासांवरून एका मिनिटावर येतो.

आणि सुटलीच नाही तर

काही सुटत नाहीत. त्या घरांना सांगण्यासारखं काहीच नाही असं समजून सगळे सल्ले इथे संपतात. मला ते पटत नाही. त्याने सोडो न सोडो, घरच्या माणसाला स्वतःसाठी मदत घेता येते. ऑर्फर्ड यांच्या गटाने बनवलेली पद्धत नेमकी अशांसाठी आहे: ऐकून घेणं, माहिती देणं, तोंड देण्याच्या वाटा त्यांच्याबरोबर तपासणं, आधाराची माणसं शोधणं, आणि पुढे आणखी काय लागेल ते बघणं. पिणारा कधी दारातही आला नाही तरी घरच्यांची तब्येत यातून सुधारू शकते. राहायचं की निघायचं हे त्यांनी ठरवायचं, आणि ते ठरवायला आधी डोकं थाऱ्यावर यावं लागतं. निघालेल्याने त्याला टाकलं असं होत नाही, आणि राहिलेला मूर्ख ठरत नाही.

अशा कुटुंबांबरोबर बसताना मी पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारत नाही. मी विचारते, तुम्ही सलग सात तास शेवटचं कधी झोपलात? समोरची व्यक्ती थोडा वेळ थांबते आणि सांगायला लागते, 'त्याचं काय आहे ना, तो साधारण अकराच्या पुढे येतो, मग…' मी पूर्ण ऐकून घेते. मग तोच प्रश्न पुन्हा विचारते.